गाण्यातला दर्या आणि बाजारातला वास

१९७३ साली यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आमच्यापैकी कोणाचाही जन्म झालेला नव्हता. तरीही या जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्याला ते संमेलन टाळता येत नाही. निवृत्त प्राध्यापकांच्या गप्पांत ते हमखास निघते, आणि निघते ते बहुधा एकाच कारणाने. त्या संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. चित्रपटांची गीते लिहिणारा, तमाशापटांच्या लावण्या लिहिणारा, आकाशवाणीसाठी आठवड्याला एक याप्रमाणे ‘गीतरामायण’ रचणारा माणूस मराठी साहित्याच्या सर्वोच्च मानाच्या जागी बसला, तो आमच्या गावात.

याच्या आधीचे संमेलन १९६९ साली शेजारच्या वर्ध्याला झाले होते. तिथे अध्यक्ष होते पु. शि. रेगे. मोजक्या शब्दांचे, एकांतात वाचायच्या कवितेचे कवी. वर्धा आणि यवतमाळ यांच्यात एस.टी.चा जेमतेम दोन तासांचा रस्ता आहे. पण रेगे आणि माडगूळकर यांच्यातले अंतर मराठीच्या अभ्यासक्रमात फार मोठे मानले गेले. आम्ही एम.ए.ला असताना रेग्यांच्या कवितेवर टिपणे काढली, ‘प्रतिमा’ आणि ‘आशय’ यांवर प्रश्न सोडवले. माडगूळकरांवर एकही प्रश्न सोडवल्याचे आम्हांस आठवत नाही. ‘गीत म्हणजे कविता नव्हे’ हे वाक्य आम्ही वहीत उतरवून घेतले आणि पुढे नोकरीला लागल्यावर तेच वाक्य वर्गात उतरवून दिले.

हा लेख त्या वाक्याविषयी आहे. ते खोटे आहे असे आम्हांस म्हणायचे नाही. ते अपुरे आहे, आणि ते कुठे अपुरे पडते हे आम्हांला समुद्रापासून सहा-सातशे किलोमीटर दूर बसून, एका कोळीगीताच्या निमित्ताने, एका विद्यार्थिनीने दाखवून दिले.

१

गीताकडे दुय्यम म्हणून पाहण्याचा हक्क खरे तर वऱ्हाडाला नाही. मराठी भावगीताचा उगम सांगताना ज्या ध्वनिमुद्रिकेचे नाव सर्वप्रथम घेतले जाते, ती जी. एन. जोशी यांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गायिलेली ‘रानारानात गेली बाई शीळ’. तिचे कवी ना. घ. देशपांडे बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे. वकिली करणारा, मुंबई-पुण्याच्या वाङ्मयीन वर्तुळापासून दूर राहणारा हा कवी; त्याची कविता आधी तबकडीवर गाजली आणि त्याचा ‘शीळ’ हा संग्रह पुष्कळ नंतर, १९५४ साली आला. १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे लोकांनी ज्या कवीला कानाने स्वीकारले, त्याला पंडितांनी डोळ्यांनी स्वीकारायला अर्धे शतक लागले.

गीताची कारागिरी कशात असते, हे समजून घ्यायला त्या तबकडीचेच उदाहरण पुरेसे आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचा वेळ मिळे. तेवढ्यात मुखडा यायचा, दोन-तीन अंतरे यायचे, प्रत्येक अंतऱ्यानंतर मुखडा परतायचा आणि मधे वाद्यांना जागा सोडायची. वाचक अडला तर मागची ओळ पुन्हा वाचू शकतो. श्रोत्याला ती सोय नाही. म्हणून गीतकाराचा शब्द पहिल्याच ऐकण्यात पोचला पाहिजे. ओळीच्या शेवटी गायकाला सूर धरून ठेवायचा असतो, म्हणून तिथे आकार-ईकारासारखा मोकळा स्वर आला तर बरे. जोडाक्षराने ओळ संपली की स्वर अडखळतो. या बंधनांत राहून अनुभव उभा करायचा ही सोपी गोष्ट नव्हे. वृत्ताचे बंधन पाळणाऱ्या कवीचे आपण कौतुक करतो. तबकडीचे बंधन पाळणाऱ्याचे का करू नये, असा प्रश्न आम्ही स्वतःला फार उशिरा विचारला.

माडगूळकरांनी याहून कठीण बंधन पाळले. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि अधिक महिन्याचे वर्ष असल्याने १९ एप्रिल १९५६ पर्यंत छप्पन्न गीते झाली. संकल्पना सीताकांत लाड यांची, संगीत सुधीर फडके यांचे. दर आठवड्याला नवे पात्र, नवा प्रसंग, नवी चाल. यात दोन गीते पाण्याची आहेत. ‘नकोस नौके परत फिरू’ हे गुहाच्या नावाड्यांचे, आणि ‘सेतू बांधा रे सागरी’ हे वानरसेनेचे. दोन्ही समूहाने गायची. पहिल्यात वल्ह्यांची लय आहे, दुसऱ्यात धोंडे उचलून टाकणाऱ्या हातांची. एक पाण्याबरोबर जाणारी, दुसरी पाण्याला अडवणारी. वर्गात ही दोन गीते लागोपाठ ऐकवली, तर पाण्याविषयी एक शब्दही न समजावता विद्यार्थ्यांना हा फरक कळतो. त्यांच्या हातांची बोटे बाकावर वेगवेगळा ठेका धरतात.

आणि ही गीते लिहिणारा माणूस माणदेशातला. पाऊस ज्या भागाला पाठ दाखवतो, त्या आटपाडी-शेटफळ्याकडचा.

२

इथून आमच्या ध्यानात एक गोष्ट येत गेली. मराठीत गाजलेला समुद्र पुष्कळदा समुद्राकाठी न जन्मलेल्यांनी लिहिलेला आहे. ‘सागरा प्राण तळमळला’ ही कविता १९०९ साली इंग्लंडातल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिणारे सावरकर नाशिकजवळच्या भगूरचे. ‘कोलंबसाचे गर्वगीत’ लिहिणारे, ‘विशाखा’चे (१९४२) कवी कुसुमाग्रज नाशिकचेच. आणि कोळीगीतांच्या त्या प्रसिद्ध तबकडीसाठी ‘मी डोलकर’, ‘वादळवारं सुटलं गो’, ‘राजा सारंगा’ ही गीते लिहिणाऱ्या शान्ता शेळके इंदापूरला जन्मलेल्या. पुणे जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वभागात.

शान्ताबाईंविषयी आम्हांला थोडी अधिक जवळीक वाटते. आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मधून बाहेर पडल्यावर त्या नागपूरला हिस्लॉप कॉलेजात मराठीच्या प्राध्यापक होत्या, पुढे मुंबईत अध्यापन करून निवृत्त झाल्या. १९९६ साली आळंदीच्या संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. म्हणजे त्या आमच्याच पेशातल्या, काही काळ आमच्याच विदर्भातल्या. कोळी बायकांची बोली, होडीचे शब्द, नवऱ्याची वाट पाहणारी स्त्री, हे सारे त्यांनी ऐकून, निरखून उचलले असणार. पांढरपेशा घरातली, संस्कृत वाचलेली बाई कोळणीच्या तोंडून बोलते आणि ऐकणाऱ्याला ते उसने वाटत नाही, हे गीतकाराचे यश आहे. पात्राच्या तोंडी शोभेल तेच लिहायचे, ही शिस्त चित्रपटगीतांनी मराठी गीतकारांना लावली. नाटककाराची असते तीच ही शिस्त.

या गीतांचे संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. सावरकरांच्या कवितेला गाजलेली चाल देणारेही तेच. ‘मी डोलकर’ लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गायिले आहे. तीन-तीन मात्रांचे दोन हिंदोळे घेत जाणारा कोळीगीतांचा ठेका ज्यांनी एकदा ऐकला, त्यांना तो समुद्र न पाहताही ओळखू येतो. आमच्यातल्या एकाने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या तेविसाव्या वर्षी, नोकरीच्या मुलाखतीसाठी मुंबईला गेल्यावर. तोवर समुद्र म्हणजे शेजारच्या घरातल्या रेडिओतून येणारी ही हालचाल होती. गंमत अशी की समोर दिसलेला समुद्र त्याला आधीपासून पाठ असल्यासारखा वाटला.

असे का व्हावे? भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याने चहा पिता पिता याचा उलगडा केला. खोल पाण्यातली लाट पुढे पुढे जाताना दिसते. पाणी मात्र पुढे जात नाही. पाण्याचा प्रत्येक कण एक वर्तुळ घेतो आणि जवळजवळ मूळ जागी परत येतो. पुढे सरकते ती ऊर्जा. म्हणूनच लाटेवरचे लाकूड वर-खाली, मागे-पुढे डोलते, पण लाटेबरोबर धावत सुटत नाही. हे ऐकल्यावर आम्हांला ध्रुवपदाचे काम नव्याने कळले. गीतात शब्द प्रत्येक अंतऱ्यानंतर फिरून मूळ जागी येतात. पुढे सरकतो तो भाव. तिसऱ्यांदा आलेला मुखडा पहिल्यांदा आलेल्या मुखड्याइतकाच असतो, अक्षराचाही फरक नसतो. पण मधल्या अंतऱ्यांनी त्यात काहीतरी भरलेले असते. छापील पानावर ही पुनरुक्ती दोष दिसते. ऐकताना तिच्यावाचून गीत पुढे जातच नाही. गीत पानावर वाचून त्याचे मूल्यमापन करणारे आम्ही आजवर लाटेचे छायाचित्र पाहून लाटेची परीक्षा करत होतो.

३

हालचाल गीताने आमच्यापर्यंत पोचवली. गंधाचे काय?

आपल्या परंपरेत वैशेषिकांनी पंचमहाभूतांना एकेक विशेष गुण वाटून दिला आहे. शब्द आकाशाचा, स्पर्श वायूचा, रूप तेजाचा, रस जलाचा आणि गंध पृथ्वीचा. या हिशेबाने गाणे आकाशाचे, आणि गंध त्याच्यापासून सर्वांत लांब. ध्वनी तबकडीत साठवता येतो, तारेतून आणि लहरींतून धाडता येतो; गंधाला माणसाच्या नाकाशी प्रत्यक्षच यावे लागते. म्हणून गंधाविषयी गाणे म्हणजे जे आणता येत नाही त्याविषयी गाणे.

तरीही मराठी कवितेचे गंधावाचून पान हलत नाही. ज्ञानदेवांच्या नावावरच्या ‘अवचिता परिमळू’ या विरहिणीत प्रियाच्या येण्याची पहिली खूण दिसत नाही, ऐकू येत नाही. ती झुळकीबरोबर नाकाला कळते. त्या रचनेत ‘अळुमाळू’ असा एक लहानसा शब्द आहे. हलकेच, जेमतेम, अशा अर्थाचा. सातएकशे वर्षांनी तोच शब्द सिंधुदुर्गातल्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या, म्हणजे आरती प्रभूंच्या, ‘ये रे घना’ या गीतात पुन्हा भेटतो. दोन्ही रचना हृदयनाथांच्याच चालींमुळे घरोघरी गेल्या. म्हणजे एका जुन्या शब्दाला दोनदा नवे आयुष्य मिळाले ते छापील पानाइतकेच, कदाचित त्याहून जास्त, रेडिओमुळे.

आधुनिक काळातल्या संग्रहांची नावेच पाहावीत. रेग्यांचा ‘गंधरेखा’ १९५३ सालचा, विंदा करंदीकरांचा ‘मृद्‌गंध’ १९५४ सालचा, आमच्या अमरावतीच्या सुरेश भटांचा ‘रूपगंधा’ १९६१ सालचा. आठ वर्षांत तीन मोठ्या कवींच्या तीन संग्रहांच्या नावांत गंध आहे. पण तो कोणता गंध? एक रेषेसारखा सूक्ष्म, एक पहिल्या पावसाच्या मातीचा, एक रूपाशी जोडलेला. तिन्ही हवेहवेसे.

बोलीतली मराठी याहून फार श्रीमंत आहे. फोडणीचा वास खमंग, भाजलेल्या वांग्याचा खरपूस, लागलेल्या दुधाचा करपट, ताकाचा आंबूस, जुन्या शेंगदाण्याचा खवट, बंद खोलीचा कुबट. दरवळ, घमघमाट, दर्प, भपकारा हे आणखी वेगळे. आमच्या जिल्ह्याचे स्वतःचेही वास आहेत. दिवाळीनंतर जिनिंगच्या आवाराबाहेर येणारा सरकीचा तेलकट वास, झरी-जामणी आणि मारेगावकडे फाल्गुन-चैत्रात सकाळी पडलेल्या मोहफुलांचा गोड, जड वास. यांतले किती शब्द आमच्या भावगीतांत आले? परिमळ आला, सुगंध आला, गंध तर फार आला. ‘वास’ मात्र उंबऱ्याबाहेर राहिला.

हे आमच्या आपणहून लक्षात आले असते, असा दावा आम्ही करणार नाही.

४

काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आम्ही ‘गीत आणि लोकगीत’ या घटकासाठी ‘मी डोलकर’ ऐकवले. लय समजावली, ध्रुवपद समजावले, लाटेचा दाखला दिला. वर्ग रंगला. शेवटी विचारले, काही राहिले का? मागच्या बाकावरची, एरवी न बोलणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, गाणं लय चांगलं हाये, पण त्याले वासच नाही.”

वर्ग हसला. आम्हीही हसलो. तिने खाली मान घातली नाही. तिची आई आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील विकते. मुलगी सुटीच्या दिवशी तिच्याबरोबर बसते. एस.टी.त टोपली घेऊन चढले की बायका पदर नाकाला लावतात, कंडक्टर मागे उभे राहायला सांगतो. वसतिगृहात तिच्या पिशवीवरून भांडण झाले होते. हे तिने वर्गात सांगितले नाही, नंतर स्टाफरूमच्या दाराशी उभे राहून सांगितले. तिचा स्वर तक्रारीचा नव्हता. आम्ही समुद्राविषयी इतके बोललो, आणि तिच्या घरी दर आठवड्याला समुद्र येतो हे आम्हांला माहीतच नव्हते, याचे तिला नवल वाटले होते.

त्या रात्री आम्ही ‘डोलकर’ हा शब्द पहिल्यांदा शोधला. इतकी वर्षे आम्ही त्याचा अर्थ ‘डोलणारा’ असा सांगत होतो. ठेका डोलता, होडी डोलती, म्हणून दर्यावर डोलणारा तो डोलकर. अर्थ सुंदर होता आणि अर्धवट होता. डोल हे एका जाळ्याचे नाव आहे. तोंडाशी रुंद, शेवटाकडे निमुळते होत गेलेले, लांबलचक पिशवीसारखे जाळे. मुंबईच्या आणि उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर ते समुद्रात खांबांना बांधून प्रवाहाच्या तोंडी उघडे ठेवतात. भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी आत लोटतो. प्रवाह मंदावला की कोळी ते ओढून घेतात. समुद्राच्या हालचालीलाच कामाला लावणारी ही युक्ती आहे, आणि ती चालवणारा तो डोलकर. गीतात डोलणे आहेच. पण ते एका कामगाराच्या हत्याराच्या नावातून आलेले आहे. हे हत्यार आम्ही अलंकार समजून शिकवत होतो.

या जाळ्यात सापडते काय? मुख्यतः बोंबील, जवळा, लहान कोळंबी. ताजा बोंबील फार टिकत नाही, म्हणून बांबूंच्या मांडणीवर लटकवून वाळवतात. जवळा उन्हात पसरतात. तोच सुका माल पोत्यांतून देशावर आणि विदर्भात येतो आणि आमच्या आठवडी बाजारात गोणपाटावर मांडला जातो. म्हणजे त्या मुलीच्या आईच्या टोपलीत डोलकराचीच मासळी होती. एकाच होडीतून दोन गोष्टी यवतमाळपर्यंत आल्या. गाणे रेडिओतून आले, त्याला आम्ही दिवाणखान्यात बसवले. मासळी टोपलीतून आली, तिला एस.टी.त मागे उभे केले.

समुद्राचा जो वास म्हणून आपण किनाऱ्यावर छाती भरून घेतो, तोही काही निर्मळ पाण्याचा नसतो. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमधली द्रव्ये जिवाणू फोडतात, त्यातून गंधकाचे एक संयुग हवेत उडते. समुद्राच्या ओळखीच्या वासात त्याचा मोठा वाटा आहे. समुद्री माशांचा उग्र वासही त्यांच्या शरीरातल्या द्रव्यांच्या अशाच विघटनाने येतो. दोन्ही वास जगून संपलेल्या जिवांचेच. एकाला आपण खारा वारा म्हणतो, दुसऱ्याला घाण म्हणतो. हा भेद नाकाने केलेला नाही. कोणाच्या हातात काय आहे, हे पाहून आपण तो केला आहे.

५

हे कळल्यावर आम्ही पुन्हा १९७३ कडे गेलो. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ साली, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला होता आणि त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली होती. मराठी कवितेच्या उंबऱ्याबाहेर राहिलेला वास त्या पुस्तकातून कोणाची परवानगी न मागता आत आला. पुढे १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. आज आम्ही दोन्ही पुस्तके शिकवतो आणि त्यांच्या ‘धग’विषयी बोलतो. वासाविषयी बोलताना मात्र आम्ही अजून चाचरतो.

पण गीताच्या बाजूनेही एक प्रवाह होताच. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. चित्रपटाच्या वाटेने नव्हे, तर वस्त्यावस्त्यांतल्या गाण्याच्या कार्यक्रमांतून त्यांची गीते महाराष्ट्रभर गेली. १४ एप्रिलला आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात फिरावे, ती ऐकू येतात. सोपा मुखडा, ओळखीची चाल, एका ऐकण्यात पाठ होणारा शब्द. गीतलेखनाची जी कारागिरी आम्ही माडगूळकरांत पाहिली, तीच इथे आहे. फरक इतकाच की इथले गाणे ज्या अंगणात गायिले जाते, त्या अंगणाचा वास त्याला परका नाही. ‘गीत म्हणजे कविता नव्हे’ हे वाक्य वहीत लिहून घेताना या गीतांचा तर विचारही आमच्या मनात आला नव्हता. माडगूळकर निदान नाकारण्यासाठी तरी समोर होते.

आमच्या मातीचेही एक गाणे आहे. अकोल्याच्या विठ्ठल वाघांचे ‘काळ्या मातीत मातीत’. ‘अरे संसार संसार’ (१९८१) या चित्रपटातून ते गावोगाव गेले आणि वऱ्हाडी बोलीतली तिफण साऱ्या महाराष्ट्राच्या ओठी आली. हे गाणे लागले की आमच्या वर्गात कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या पावसानंतरचा काळ्या जमिनीचा वास प्रत्येकाच्या नाकात आधीच असतो; गाणे त्याला फक्त हाक मारते. ऑस्ट्रेलियातल्या जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. त्याच्या दहा वर्षे आधी विंदांनी आपल्या संग्रहावर ‘मृद्‌गंध’ हे नाव घातले होते. आणि कनौजचे अत्तरवाले मातीचे अत्तर त्याही आधीपासून काढत आले आहेत. गंध बाटलीत भरता येतो, असे म्हणणारे जगात थोडेच. त्यांतले काही आपल्या देशात होते.

पण इथेही वासाने आम्हांला मागे ओढले. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. माणसाच्या उंचीच्या वर गेलेल्या कपाशीत, अंगावर साधा शर्ट आणि तोंडाला फडके बांधून ते फवारत होते. त्या वर्षी आमच्या वर्गात एक मुलगा महिनाभर आला नाही. परत आला तेव्हा त्याने सांगितले की घरात टांगलेल्या बापाच्या सदऱ्याला अजून औषधाचा वास येतो, म्हणून आई तो धूतही नाही आणि टाकतही नाही. तिफणीच्या गाण्यातली काळी माती आणि हा सदरा, दोन्ही एकाच शेतातले. तो मुलगा ‘काळ्या मातीत’ ऐकताना काय ऐकत असेल, याचा अंदाज आम्हांला करता येत नाही.

६

२०१६ साली बॉब डिलनला साहित्याचे नोबेल मिळाले, तेव्हा गीत हे साहित्य आहे काय यावर जगभर पुष्कळ वाद झाला. आमच्या स्टाफरूममध्येही झाला. यवतमाळने हा प्रश्न १९७३ सालीच आपल्यापुरता सोडवला होता, असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ते आम्हांला पटले होते. २०१९ च्या जानेवारीत अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन पुन्हा यवतमाळला आले, तेव्हाही आम्ही हीच गोष्ट पाहुण्यांना अभिमानाने सांगितली.

आज आम्हांला वाटते, प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गीत साहित्यात बसते की नाही, हे ठरवून फारसे काही हाती लागत नाही. गीत आपल्यापर्यंत काय आणते आणि आणताना वाटेत काय सोडून येते, हे विचारले पाहिजे. ‘मी डोलकर’ने आमच्यापर्यंत समुद्राची गती आणली. ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या वर्धा-पैनगंगेचे पाणी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला मिळते; पश्चिमेच्या समुद्राचा आमच्याशी भूगोलाने काही संबंध नाही. तो गीताने जोडला. एका इंदापूरच्या बाईने लिहिलेला दर्या झरी-जामणीच्या मुलाला स्वतःचा वाटावा, हे मराठी गीतलेखनाचे मोठेपण आहे आणि ते आम्ही यापुढे वर्गात हातचे न राखता सांगू.

त्याचबरोबर त्या गीताने वास वाटेत सोडला, हेही सांगू. तो शान्ताबाईंचा दोष म्हणून नव्हे. तीन मिनिटांच्या तबकडीत सगळे मावत नाही, आणि तबकडी विकत घेणाऱ्या घरांना काय चालेल, हेही गीतकाराला ठाऊक असते. जे सुटले ते भरून काढणे हे रसग्रहण करणाऱ्याचे काम आहे. आपल्याकडे रसग्रहण म्हणजे कवितेत जे आहे त्याचे कौतुक, असा समज रूढ झाला आहे. जे नाही, ते का नाही, हे विचारणे टीकेच्या खात्यात टाकले जाते. त्या मुलीने एका वाक्यात दोन्ही केले होते. गाणे फार चांगले आहे, हे तिने आधी म्हटले होते. आम्ही हसण्याच्या नादात तिचे पहिले अर्धे वाक्य ऐकलेच नव्हते.

ती मुलगी पुढे बी.ए. झाली आणि आता तालुक्याच्या गावी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. मागच्या पोळ्याला ती भेटायला आली होती. तिने सांगितले की सातवीच्या वर्गात ती मुलांना डोळे मिटायला लावते, गाणे ऐकवते आणि मग पाटीवर दोन गोष्टी लिहायला सांगते: काय हलले, आणि कशाचा वास आला. पहिल्या प्रश्नाला सगळी मुले उत्तर देतात. दुसऱ्याला बरीच मुले आधी गप्प राहतात. मग कोणी तरी ‘आमच्या गोठ्याचा’ असे लिहितो, आणि त्याच्यानंतर सगळी लिहू लागतात.

यंदाच्या सत्रात आम्हीही आमच्या वर्गात तेच दोन प्रश्न विचारणार आहोत. पहिले गीत ‘मी डोलकर’ असेल, आणि त्या दिवशी बाजारातून थोडी सुकट आणून टेबलावर ठेवायची असे आमचे ठरले आहे.